जुनी आउटबोर्ड मोटार : आधी रोग शोधा, मग सुटे भाग आणा

कोकणच्या खाड्यांतून आणि किनाऱ्यालगतच्या पाण्यात जाळी टाकणाऱ्या कितीतरी लहान होड्यांच्या मागे आउटबोर्ड मोटार टांगलेली दिसते. मोठ्या ट्रॉलरच्या पोटात डिझेल इंजिन बसवतात. लहान होडीला मात्र आठ, दहा किंवा पंधरा अश्वशक्तीची ही मोटार पुरते. ती होडीवरून काढता येते, दोन माणसांनी उचलून घरी नेता येते आणि गावातल्या गावात दुरुस्तही होऊ शकते. नवी मोटार घेणे सर्वांनाच परवडत नाही. म्हणून अनेक मोटारी एका मालकाकडून दुसऱ्याकडे, एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जात राहतात आणि वीस-पंचवीस वर्षे चालतात.

अशी मोटार बंद पडली की मालकापुढे दोन प्रश्न उभे राहतात. दुरुस्त करावी की भंगारात काढावी? आणि दुरुस्त करावयाची तर कोणते भाग नवे घ्यावेत, कोठले घ्यावेत? या दोन प्रश्नांची उत्तरे घाईने दिली तर पैसा दोनदा जातो. या लेखात आम्ही जुन्या दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोक मोटारीची नव्याने बांधणी कशी करावी, हे क्रमाने सांगणार आहोत. ज्यांची होडी आहे त्यांना याचा उपयोग होईलच. पण खाडीकाठच्या गावात लहानसे वर्कशॉप काढू इच्छिणाऱ्या तरुणांनीही तो लक्षपूर्वक वाचावा.

प्रथम आम्ही जवळून पाहिलेले एक उदाहरण देतो. दोघा भावांची पंधरा अश्वशक्तीची जुनी मोटार चालता चालता जाम झाली. वरच्या सिलिंडरचा पिस्टन चिकटला होता. मिस्त्रीने सिलिंडर बोअर करून पाव मिलिमीटर मोठे नवे पिस्टन टाकले, रिंगा टाकल्या, पाण्याच्या पंपाचा इंपेलरही अस्सल कंपनीचा बसवला. मोटार झोकात चालू लागली. तीन आठवड्यांनी खाडीच्या मुखाशी, ओहोटीच्या वेळी, ती पुन्हा जाम झाली. आणि तोच वरचा सिलिंडर! दुसऱ्या होडीने ओढून आणली म्हणून बरे. भावांनी उसने घेतलेले पैसे अजून फिटलेले नव्हते. साऱ्यांनी दोष दिला तो पिस्टनला : माल नकली असणार. माल नकली नव्हता. खरा दोष काय होता ते पुढे येईल.

मोटारीची ओळख

सुट्या भागांच्या दुकानात जाऊन "पंधराची मोटार आहे, पिस्टन द्या" असे सांगणे पुरेसे नाही. एकाच कंपनीच्या एकाच शक्तीच्या मोटारीत साल बदलले की गॅस्केटची भोके, सीलचे माप, इंपेलरची चावी बदलू शकते. होडीला पकडणाऱ्या ब्रॅकेटवर एक पट्टी असते. तिच्यावर मॉडेलचे नाव आणि अनुक्रमांक असतो. तो वहीत उतरवून घ्यावा, मोबाईलने पट्टीचा फोटो काढून ठेवावा. पट्टी गंजून गेली असेल तर ब्लॉकवर ठोकलेला क्रमांक शोधावा.

दांड्याची लांबीही मोजावी. आखूड दांडा साधारण १५ इंचाचा आणि लांब दांडा २० इंचाचा असतो. ड्राइव्ह शाफ्ट, पाण्याची नळी, गिअर बदलण्याची सळई हे भाग लांबीनुसार वेगळे मिळतात. त्या मॉडेलचे दुरुस्ती-पुस्तक आणि भागांची यादी मिळवणे ही या कामातील पहिली खरेदी समजावी. या लेखातील आकडे सर्वसाधारण आहेत. शेवटचा शब्द पुस्तकाचाच.

कंपनीचा विचारही येथेच करावा. यामाहा, सुझुकी, टोहात्सू या जपानी कंपन्यांच्या जुन्या टू-स्ट्रोक मोटारींची मोठी संख्या जगभर वापरात असल्याने त्यांचे भाग मिळण्याची शक्यता जास्त. जॉन्सन आणि एव्हिनरूड ही एके काळची मोठी अमेरिकन नावे. परंतु एव्हिनरूडचे उत्पादन २०२० साली थांबले आणि जॉन्सन हे नाव त्याआधीच बाजारातून गेले. अशी मोटार स्वस्तात मिळाली तरी गिअर, क्रँक आणि इग्निशनचे भाग कोठे मिळतील याची चौकशी पैसे देण्याआधी करावी, नंतर नव्हे.

उघडण्यापूर्वीची तपासणी

पाना हातात घेण्यापूर्वी मालकाला चार प्रश्न विचारावेत. मोटार एकदम बंद पडली की हळूहळू जोर कमी होत गेला? ती कधी समुद्रात बुडाली होती काय? मागे पडणारी पाण्याची धार कशी होती? तेल कोणते आणि किती घालत होता? या चार उत्तरांतच बहुधा अर्धे निदान असते.

नंतर कंप्रेशन पाहावे. दोन्ही प्लग काढून त्यांच्या वायरी अर्थ कराव्यात, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवावा आणि गेज लावून दोरी चार-पाच वेळा जोरात ओढावी. दोन्ही सिलिंडरचे आकडे एकमेकांजवळ असावेत. दोहोंत दहा ते पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर रोग आत आहे. समजा, एकात ११० पौंड आणि दुसऱ्यात ७५ पौंड आले. कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर रिंगा किंवा सिलिंडर घासला आहे. चढला नाही तर हेड गॅस्केट किंवा पिस्टन तपासावा.

प्लग स्वतः पुष्कळ बोलतो. तपकिरी रंग चांगला. पांढरा फटक प्लग म्हणजे इंधन कमी, हवा जास्त. प्लगच्या टोकावर करड्या रंगाचे बारीक चमकते कण दिसले तर पिस्टनचे ॲल्युमिनियम वितळू लागले आहे असे समजावे आणि मोटार पुन्हा चालू करू नये. पिस्टनचा माथा धुतल्यासारखा स्वच्छ दिसला तर सिलिंडरमध्ये पाणी शिरते आहे.

शेवटी खालच्या गिअरकेसचे तेल काढावे. ते दुधाळ असेल तर सीलमधून पाणी आत गेले आहे. चुंबकाच्या बुचावर पिठासारखी बारीक पूड दिसणे चालेल. नखात धरता येईल असा धातूचा तुकडा मिळाला तर गिअर उघडावाच लागेल.

दुरुस्त करावी की सोडून द्यावी?

मोटारीचे पैसे खातात ते पिस्टन नव्हेत, तर खारे पाणी खातो तो सांगाडा. पाण्याच्या मार्गातील ॲल्युमिनियम गंजाने पातळ होऊन भोक पडले असेल, क्रँककेसला चीर गेली असेल, ब्रॅकेट किंवा मधला दांडा सडला असेल, तर नवे पिस्टन टाकणे म्हणजे पडक्या घराला नवा दरवाजा लावणे होय. हेड आणि पाण्याचे झाकण उघडून आतील भिंती टोकदार वस्तूने हलक्या हाताने तपासाव्यात. टोक आत घुसत असेल तर तेथेच थांबावे.

सांगाडा धड असेल तर सर्व लागणाऱ्या भागांची यादी करून एकूण खर्च काढावा. तशाच शक्तीची चांगली चालती जुनी मोटार ज्या किमतीस मिळते, तिच्या निम्म्याहून जास्त खर्च होत असेल तर आमच्या मते दुरुस्तीचा नाद सोडावा. यादीत "इतर किरकोळ" म्हणून एक चतुर्थांश रक्कम जास्त धरावी. जुन्या मोटारीत एखादा बोल्ट तुटणारच.

उघडताना

सर्वांत जास्त नुकसान उघडतानाच होते. स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनियमचे अंग यांमध्ये खारे पाणी शिरले की दोन्ही एकमेकांना धरून बसतात. अशा बोल्टवर लांब पाना लावून जोर करू नये. गंज सोडवणारे तेल आदल्या रात्री सोडावे, भोवतालचे ॲल्युमिनियम बर्नरने थोडे तापवावे आणि बोल्ट अर्धा फेरा पुढे, अर्धा फेरा मागे असा सोडवावा. तापवण्यापूर्वी टाकी, नळी आणि कार्ब्युरेटर दूर न्यावा. पेट्रोलच्या वाफेने वर्कशॉप जळाल्याच्या घटना होतात.

वरच्या आणि खालच्या सिलिंडरचे भाग वेगळ्या डब्यांत ठेवावेत. अनेक अमेरिकन मोटारींत कनेक्टिंग रॉडची टोपी वेगळी असते. ती ज्या रॉडची त्याच रॉडला आणि त्याच दिशेने बसवावी लागते. लहान जपानी मोटारींचा क्रँक बहुधा प्रेसने दाबून जोडलेला असतो. तो हातोड्याने कधीही ठोकू नये. त्याचे बेअरिंग बदलावयाचे असेल तर प्रेस, व्ही-ब्लॉक आणि डायल गेज असलेल्या कारागिराकडेच द्यावा, कारण त्याच्या वाकण्याची मर्यादा मिलिमीटरच्या काही शतांशांत असते.

रोगाचे मूळ

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जाम झालेला पिस्टन हा रोग नव्हे, ते रोगाचे लक्षण होय. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन जाम होण्याची कारणे मुख्यत्वे चार असतात : थंड करणारे पाणी न मिळणे, वंगणाचे तेल कमी पडणे, इंधन कमी व हवा जास्त होणे, आणि चुकीचे माप.

पिस्टनच्या अंगावर चारही बाजूंनी ओरखडे असतील तर बहुधा तो जास्त तापला किंवा फट कमी ठेवली गेली. माथ्याची कड जळाली किंवा माथ्याला भोक पडले असेल तर इंधन कमी मिळत होते किंवा हलक्या इंधनाने ठोके बसत होते. इंधन कमी मिळण्याची कारणे म्हणजे चोंदलेला जेट, चिरलेली नळी, थकलेला इंधनपंप आणि क्रँकचे गेलेले सील.

या शेवटच्या कारणाकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. टू-स्ट्रोकची क्रँककेस हाच इंधन आत ओढणारा पंप असतो. वरचे सील गेले तर ती हवा ओढते आणि मिश्रण पातळ होते. खालचे सील गेले तर पाणी किंवा धूर आत येतो आणि खालचे बेअरिंग गंजते. म्हणून क्रँककेस उघडली की सील बरे दिसले तरी नवेच टाकावे.

त्या दोघा भावांच्या मोटारीकडे आता वळू. दुसऱ्यांदा उघडली तेव्हा पिस्टनवर चारही बाजूंनी ओरखडे होते. म्हणजे तापल्याची खूण. नवा इंपेलर ठणठणीत होता, पाण्याची धारही पडत होती. मग तापली कशी? पाण्याचा सारा मार्ग उघडल्यावर थर्मोस्टॅटच्या घराखाली रबराचे दोन तुकडे अडकलेले सापडले. ते जुन्या इंपेलरची तुटलेली पाती होती. पहिल्या दुरुस्तीत जुना इंपेलर काढून टाकताना त्याची पाती कोणी मोजली नाहीत आणि हरवलेले तुकडे कोणी शोधले नाहीत. धार पडते याचा अर्थ पंप पाणी उचलतो एवढाच. वरच्या सिलिंडरभोवती ते पोचते की नाही, हे धार सांगत नाही.

या चुकीची किंमत केवळ पिस्टनच्या जोडीएवढी नव्हती. सिलिंडर आता अर्धा मिलिमीटर मोठा करावा लागला, आणि त्या मॉडेलला त्याहून मोठा पिस्टन मिळत नव्हता. म्हणजे ब्लॉकची शेवटची संधी वापरली गेली. म्हणून आम्ही म्हणतो : तुटलेल्या इंपेलरचे प्रत्येक पाते सापडेपर्यंत मोटार बंद करू नये.

माप आधी, बोअर नंतर

सिलिंडर वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी आडवा आणि उभा असा दोनदा मोजावा. सहा आकडे वहीत लिहावेत. त्यावरून तो किती निमुळता आणि किती लंबगोल झाला आहे हे समजते. पुस्तकाच्या मर्यादेत असेल तर फक्त होन करून नव्या रिंगा टाकता येतात. नसेल तर बोअर करून पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन घ्यावा लागतो.

येथे एक नियम पक्का ध्यानात ठेवावा : पिस्टन आधी हातात घ्यावा, मायक्रोमीटरने पुस्तकात सांगितलेल्या उंचीवर मोजावा, आणि मगच त्या मापात फट मिळवून सिलिंडर बोअर करावयास द्यावा. आधी बोअर करून मग पिस्टन शोधणारा माणूस नशिबावर विसंबून असतो. या आकाराच्या मोटारीत पिस्टन आणि सिलिंडर यांतील फट साधारणपणे मिलिमीटरच्या चार ते सात शतांशांची असते. कमी ठेवली तर जाम, जास्त ठेवली तर आवाज आणि अल्पायुष्य. लेथवाल्याला "जरा सैल ठेव" असे तोंडी सांगू नये. आकडा कागदावर लिहून द्यावा.

रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडातील फट फिलर गेजने पाहावी. बोअर केल्यानंतर पोर्टच्या धारदार कडा बारीक घासून मऊ केल्या आहेत ना, हेही पाहावे. नाही तर नव्या रिंगा पहिल्याच तासात पोर्टमध्ये अडकून तुटतात.

कोणता भाग कोठला घ्यावा?

सर्वच भाग कंपनीचे घेतले तर खर्च भागत नाही आणि सर्वच बाजारी घेतले तर मोटार टिकत नाही. आम्ही भागांचे तीन वर्ग करतो.

पहिला वर्ग, जेथे तडजोड करू नये : पिस्टन, रिंगा, गजन पिन व तिच्या कड्या, हेड गॅस्केट, इंपेलर, क्रँकचे व गिअरकेसचे सील, क्रँकची बेअरिंग. हे कंपनीचे किंवा नाव असलेल्या उत्पादकाचे घ्यावेत. कड्या एकदा काढल्या की पुन्हा वापरू नयेत. त्यांची किंमत नगण्य आणि नुकसान भयंकर.

बेअरिंगच्या बाबतीत एक फसगत नेहमी होते. बेअरिंगवरचा आकडा वाचून बाजारात तोच आकडा मागितला जातो आणि त्यापुढील "सी३" ही खूण वाचली जात नाही. सी३ म्हणजे आतील फट नेहमीपेक्षा जास्त. तापणाऱ्या क्रँकला ती लागते. साधे बेअरिंग त्याच मापाचे असल्याने चपखल बसते, पण तापल्यावर आवळते. म्हणून आकडा पूर्ण लिहून न्यावा, किंवा जुने बेअरिंगच दुकानात न्यावे.

दुसरा वर्ग, जेथे चांगल्या दर्जाचा दुसरा माल चालतो : प्लग, इंधनाची नळी, नट-बोल्ट, झिंकचा अॅनोड, पंखा. प्लग पुस्तकात सांगितलेल्या क्रमांकाचाच हवा. जास्त गरम प्लगने पिस्टन जळतो. बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत आणि आट्यांना वॉटरप्रूफ ग्रीस लावूनच बसवावेत. अॅनोडला रंग देऊ नये. तो स्वतः झिजून गिअरकेस वाचवतो. रंग दिला की त्याचे काम बंद.

तिसरा वर्ग, जो जुना घेतला तरी चालतो : वरचे झाकण, टिलरची मूठ, ब्रॅकेट, फ्लायव्हील, दोरीची चकती. भंगारातील मोटार विकत घेऊन तिचे असे भाग काढून ठेवणे हा वर्कशॉपवाल्याला फायद्याचा व्यवहार ठरतो.

अस्सल आणि नकली ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे जुना भाग सोबत नेणे. वजन, छापाची स्पष्टता, ओतकामाची सफाई, सीलच्या आतील स्प्रिंग, इंपेलरच्या मधल्या नळीचे माप हे शेजारी ठेवून पाहावे. पाकिटावरील भागाचा क्रमांक यादीशी ताडावा. जुने पिस्टन घासून, रंगवून नव्या पाकिटात विकल्याचेही ऐकिवात आहे. गजन पिनच्या भोकात घासल्याची खूण असेल तर घेऊ नये.

इंपेलर घेताना केवळ रबर घेऊन भागत नाही. त्याची वाटी, खालची पट्टी, चावी आणि गॅस्केट असा पूर्ण संच घ्यावा. वाटीला नखाला लागेल असा ओरखडा असेल तर नवा इंपेलरही पाणी नीट उचलत नाही.

जोडणी

प्रत्येक फिरणारा भाग टू-स्ट्रोक तेलाने भिजवून बसवावा. पिस्टनच्या खाचेतील पिनवर रिंगेचे तोंड बरोबर बसले पाहिजे. पिस्टनच्या माथ्यावरील खुणेची दिशा पुस्तकाप्रमाणे ठेवावी. क्रँककेसचे दोन भाग जोडताना बहुतेक मोटारींत गॅस्केट नसते. सांगितलेला द्रव लेप अगदी पातळ लावावा. जाड लेप आत ओघळून तेलाची भोके बंद करतो. रीड व्हॉल्व्हची पाती उजेडात धरून पाहावीत. पात्याचा कोपरा उडाला असेल तर बदलावे.

हेडचे बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूस, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच आवळावेत. इंपेलर बसवताना ड्राइव्ह शाफ्ट वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवीत वाटी खाली आणावी, म्हणजे पाती योग्य बाजूस वाकतात. गिअरकेस बंद केल्यावर तिला हवेचा हलका दाब देऊन पाण्यात बुडवावी. बुडबुडे जेथून येतील ते सील बरोबर बसलेले नाही.

कार्ब्युरेटरचे जेट तारेने टोकरू नयेत. तारेने भोक मोठे होते आणि इंधनाचे प्रमाण कायमचे बिघडते. क्लीनरमध्ये भिजवून हवेने साफ करावेत. फ्लोटची सुई नवी टाकावी.

तेल आणि इंधन

आउटबोर्डमध्ये मोटारसायकलचे टू-स्ट्रोक तेल घालण्याची सवय सोडावी. पाण्याने थंड होणाऱ्या मोटारीसाठी "टीसी-डब्ल्यू३" ही खूण असलेले तेल घ्यावे. नेहमीचे प्रमाण अनेक मोटारींत पन्नासास एक, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर असते. नव्याने बांधलेल्या मोटारीस पहिले दहा तास पंचविसास एक, म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर तेल घालतात. "जास्त घातले की बरे" म्हणून नेहमीच दुप्पट घालू नये. प्लग ओले होतात आणि पोर्ट काजळीने भरतात.

आपल्या देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२३ पासून विक्रीस आले आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र पोचले. जुन्या मोटारी या पेट्रोलसाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉल हवेतील ओल शोषते, जुने रबर फुगवते आणि मिश्रण थोडे पातळ करते. म्हणून बांधणी करताना नळी, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरचे रबर इथेनॉल सोसणारे घ्यावे, पेट्रोल महिनोन्महिने टाकीत ठेवू नये, आणि मोटार काही दिवस बंद राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करावा. पेट्रोलच्या मोटारीत स्वस्त म्हणून रॉकेल मिसळू नये. रॉकेलवर चालणाऱ्या मोटारी मुळातच वेगळ्या बनवलेल्या असतात.

पहिले दहा तास

पहिली सुरुवात पिंपात करावी. पाण्याची पातळी पंपाच्या तोंडापेक्षा बरीच वर हवी. कोरडी मोटार काही सेकंदही फिरवली तर नवा इंपेलर जळतो. पहिली दहा मिनिटे मंद चालवावी, डोक्याला हात लावून दोन्ही सिलिंडर सारखे तापतात की नाही ते पाहावे. नंतर होडीवर पहिला तास अर्ध्या थ्रॉटलच्या आत, दुसरा तास पाऊण थ्रॉटलपर्यंत, आणि त्यानंतर कमीजास्त करीत चालवावी. या दहा तासांत खाडीबाहेर जाऊ नये, आणि होडीत वल्ही, दोर व लाइफ जॅकेट असल्याशिवाय निघू नये. दहा तासांनी गिअरचे तेल बदलून कंप्रेशन पुन्हा मोजावे आणि वहीत लिहावे.

पूर्ण थ्रॉटलला मोटारीचे फेरे पुस्तकात दिलेल्या मर्यादेत यावयास हवेत. अनेक लहान मोटारींत ही मर्यादा मिनिटास ४५०० ते ५५०० असते. फेरे कमी पडत असतील तर पंख्याचा पिच जास्त आहे आणि मोटार ओझ्याने दमते आहे. पिच एक इंचाने कमी केला की साधारण दीडशे ते दोनशे फेरे वाढतात. चांगली बांधलेली मोटार चुकीच्या पंख्याने पुन्हा आजारी पडल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

समुद्रातून परत आल्यावर दर वेळी गोड्या पाण्यात पाच-दहा मिनिटे चालवणे हा सर्वांत स्वस्त सुटा भाग होय. मोटार बुडालीच तर बाहेर काढून लगेच प्लग काढावेत, पाणी उपसावे, गोड्या पाण्याने धुऊन तेल सोडावे आणि त्याच दिवशी चालू करावी. ते शक्य नसेल तर मिस्त्री येईपर्यंत ती गोड्या पाण्यातच बुडवून ठेवावी. हवा लागली की गंज सुरू होतो.

धंदा म्हणून

या कामास मोठे भांडवल लागत नाही, पण मापाची साधने लागतात : कंप्रेशन गेज, मायक्रोमीटर, बोअर गेज, फिलर गेज, टॉर्क पाना, फ्लायव्हील ओढणारा पुलर. बोअरिंगचे यंत्र घेण्याची गरज नाही. ते काम तालुक्याच्या लेथवाल्याकडून करून घेता येते. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात तोच आपला हंगाम. जूनमध्ये मोटारी उघडून यादी केली तर भाग मागवायला आणि माप घ्यायला वेळ मिळतो. नारळी पौर्णिमा जवळ आल्यावर आलेली मोटार घाईत बांधली जाते, आणि घाईत बांधलेली मोटार परत येते.

गिऱ्हाइकाशी व्यवहार उघडा ठेवावा. काम सुरू करण्यापूर्वी खर्चाचा अंदाज लेखी द्यावा. कोणता भाग कंपनीचा, कोणता बाजारी, कोणता जुना, हे बिलावर लिहावे. काढलेले भाग गिऱ्हाइकाला परत द्यावेत. मोटार बांधण्यालायक नसेल तर तसे स्पष्ट सांगावे, मग त्या दिवसाची मजुरी बुडाली तरी चालेल. दुकानातील इतर यंत्र बिघडले तर माणूस दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन येतो. ही मोटार बिघडते तेव्हा माणूस पाण्यात असतो.

त्या दोघा भावांची मोटार दुसऱ्या बांधणीनंतर चांगली चालते आहे. त्यांच्या मिस्त्रीने आता आपल्या भिंतीवर एक खिळा ठोकला आहे. काढलेला प्रत्येक जुना इंपेलर तो त्यावर अडकवतो आणि पाती मोजूनच मोटार बंद करतो. ही सवय प्रत्येक वर्कशॉपने लावून घ्यावी, एवढेच सांगून आम्ही हा विषय पुरा करतो.